समुद्र डाव्या हाताला

पत्र: मी ५३ वर्षांची, हे ५७. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगी शिकायला मेलबर्नला होती, डिसेंबरात तिचा पदवीदान समारंभ आहे. तो झाला की आम्हा दोघांना तीन दिवस मोकळे आहेत, आणि भाड्याची गाडी घेऊन तिकडच्या ग्रेट ओशन रोडवर जायचं ठरलंय. डिसेंबरातच लग्नाला २८ वर्षं पुरी होतील. अडचण अशी, की गाडीत बसलं की आमचं पटत नाही. मी रोज मगरपट्ट्याला स्वतः गाडी चालवत जाते, हे कंपनीच्या बसने. पण गावाबाहेर पडलं की किल्ली ह्यांच्या हातात. "घाटात तू नको" हे ठरलेलं वाक्य. मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहते, त्यावरून ते चिडतात. गेल्या दिवाळीत गणपतीपुळ्याहून येताना कुंभार्ली घाटापासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. आता ह्यांनी एक्सेलची शीट केलीय: पहाटे पाचला निघायचं, एका दिवसात सगळा किनारा करून रात्री नऊला परत, उरलेले दोन दिवस शहर. मुलगी म्हणते, टूरची बस घ्या, भांडणच नको. मी गाडी चालवायचा हट्ट धरू, की बसने जाऊ?
ता.क. शेजारी बसलं की ह्यांना मळमळतं म्हणे. मला ते निमित्त वाटतं.

उत्तर: बसचं आधी उरकून टाकते. बस नको. मुलीची कळकळ समजते, आईबाबांना भांडताना मागच्या सीटवरून बघितलेल्या मुलांना बस हा उपाय सुचणारच. पण मेलबर्नहून सकाळी निघून रात्री परत आणून सोडणाऱ्या बसा तेच करतात, जे तुमच्या ह्यांच्या शीटमध्ये लिहिलेलं आहे. "चला, वीस मिनिटं" म्हणून ओरडणारा माणूस तेवढा बदलतो. आणि मळमळणाऱ्या माणसाला बसच्या मागच्या बाकावर बसवून लॉर्न ते अपोलो बे हा वळणांचा पट्टा करवायचा, हा लग्नाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम नव्हे.

आता शीट. किनाऱ्याच्या रस्त्याने गेलात तर मेलबर्नपासून ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले ते दगडी सुळके, साधारण २७५ किलोमीटर. येताना कोलॅक गावावरून आतला रस्ता धरला, तरी २३० च्या आसपास. एकूण पाचशेच्या वर. पुण्याहून गोवा गाठण्यापेक्षा जास्तच, आणि त्यातला बराचसा भाग ताम्हिणीसारखा वळणावळणाचा. शीटमध्ये "अपॉसल्स, २५ मिनिटं" असं लिहिलं असेल, नाही का? गाडी लावून कड्यावरच्या फलाटापर्यंत चालत जाऊन परत यायलाच तेवढा वेळ लागतो. ह्यांना एवढंच सांगा: हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी कुदळी-फावड्यांनी कडा फोडून केला, आणि त्याला १९१९ ते १९३२ अशी तेरा वर्षं लागली. त्यांच्या युद्धात गेलेल्या सोबत्यांचं हे स्मारक. ईस्टर्न व्ह्यू नावाच्या ठिकाणी रस्त्यावर लाकडी कमान आहे, तिथे सगळे फोटो काढून पुढे जातात. तुम्ही जरा थांबा. शीट करणाऱ्या माणसाला कुदळीने कोरलेला रस्ता आवडतो, असा माझा अनुभव आहे. तीन दिवस आहेत ना, तिन्ही लावा. शहर मुलीने चार वर्षांत इतकं पाहिलंय की ती फोटो दाखवेल.

पण तुमचा खरा प्रश्न दिवसांचा नाही, किल्लीचा आहे. आणि त्यात एक गोष्ट आहे, जी तुमच्या दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडे. रस्ता टॉर्की गावापासून सुरू होऊन पश्चिमेकडे जातो, अ‍ॅलन्सफर्डला २४३ किलोमीटरवर संपतो. समुद्र दक्षिणेला. म्हणजे जाताना समुद्र जिथे जिथे दिसतो, तिथे डाव्या हाताला. डावीकडे कोण बसतं? शेजारचा माणूस. तुमची गाडी समुद्राच्या अगदी कडेने चालते, मध्ये समोरून येणारी वाहनंसुद्धा नाहीत. डावी काच खाली केली की खाली फेस दिसतो. आणि चालवणाऱ्याला काय दिसतं? काळा डांबरी रस्ता, पांढरी रेघ, पुढचं वळण, आणि पुढे हळूहळू चाललेल्या कॅम्पर व्हॅनची पाठ. मान वळवायची सोय नाही, वळवली तर तुमचा नसलेला ब्रेक त्या दिवशी खरोखर लागेल.

तेव्हा हे वाक्य पाठ करा: "अहो, सगळा वेळ तुम्हीच चालवलीत तर समुद्र कधी बघणार?" यात युक्तीबिक्ती काही नाही. खरंच तसं आहे. तुम्ही "मलाही चालवता येतं" असं म्हणत राहिलात, तर वाद येतं की नाही यावर जाणार, आणि त्या वादात २८ वर्षांचा साठा दोघांकडेही आहे. ज्या समुद्रासाठी माणूस तीन महिने शीट भरतोय तोच त्याला दिसणार नाही, हे त्याच्या डोक्यात आलंच नसेल. आमच्याही आलं नव्हतं.

आता ता.क. बद्दल. रागावू नका, पण इथे मी ह्यांच्या बाजूने आहे.

गाडी लागणं म्हणजे काय, तर कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण वळतोय, आणि डोळे म्हणतात आपण तर स्थिर बसलोय. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि पोट मध्ये भरडलं जातं. चालवणाऱ्याला वळण आधी माहीत असतं, कारण ते तोच घेणार असतो. अंग आधीच तयार असतं. शेजारच्याला ते कळतं तेव्हा गाडी वळून गेलेली असते. म्हणून चालवताना काही होत नाही आणि शेजारी बसलं की मळमळतं, हे निमित्त नाही. हे या त्रासाचं अगदी पुस्तकी लक्षण आहे. माझा अंदाज सांगू? "घाटात तू नको" याचा मूळ अर्थ "घाटात मला उलटी होते" असा असू शकेल. साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या आपल्याकडच्या पुरुषांना पहिलं वाक्य बोलता येतं, दुसरं येत नाही. शाळेच्या सहलीत एस.टी.च्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या मुलाला वर्गाने काय काय नावं ठेवली असतील, ते तो मुलगा विसरत नाही. माझा अंदाज चुकीचा असेल. विचारून बघा. फक्त मुलीसमोर विचारू नका, आणि गाडीत तर मुळीच नाही. रात्री जेवण झाल्यावर, भांडी आवरताना, चेहरे समोरासमोर नसताना.

आणि तुमचा पाय? तो नसलेला ब्रेक दाबणारा? तोही त्याच आजाराचा. रोज सोलापूर रस्त्याच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्या बाईला डावीकडे बसवलं की तिच्या हातात काही राहत नाही, मग पाय एकटाच काम करतो. त्यांचं पोट, तुमचा पाय. डाव्या सीटचा त्रास दोघांनाही आहे, आणि गेली २८ वर्षं तुम्ही तो एकमेकांचा दुर्गुण म्हणून मोजताय.

उपाय साधे आहेत. शेजारी बसलेल्याने नजर लांब ठेवायची, क्षितिजावर. या बाबतीत हा रस्ता घाटापेक्षा दयाळू आहे, डावीकडे अख्खं क्षितिज पसरलेलं असतं. मोबाईल वाचायचा नाही. आणि चालत्या गाडीत शीट तर अजिबात उघडायची नाही. वळणावर रकाने वाचणं म्हणजे उलटीला अक्षता देणं. काच थोडी खाली, पोट भरलेलं नाही आणि रिकामंही नाही. आमच्याकडे आलेपाक चालतो. गोळी घ्यायची असेल तर इथल्या डॉक्टरांना विचारून आणि निघण्याच्या आधी, घाट सुरू झाल्यावर नव्हे. या गोळ्यांनी बहुधा झोप येते. म्हणून ज्याने गोळी घेतली त्याने त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे निघतानाच ठरवा.

आता आमची फजिती सांगते, कारण तुमच्या ह्यांना ती वाचून दाखवता येईल. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं याच रस्त्यावर गेलो होतो, जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या थंडीत. गाडी घेताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, दुसरा ड्रायव्हर घालायचा का? त्याचे रोजचे वेगळे पैसे होते. आमचे हे कोथरूडचे. म्हणाले, "कशाला, मीच चालवणार आहे." मी गप्प बसले, ही माझी चूक. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी अपोलो बे सोडलं की रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो, उंच नेचे, ओली हवा, वळणं. लेव्हर्स हिलला पोचेपर्यंत ह्यांची कंबर धरली. सीटमधून उतरताना गाडीच्या दाराला लटकले. करारावर माझं नाव नाही, म्हणजे मी चालवली आणि काही झालं तर विम्याचा पैसा मिळणार नाही. मी किल्ली हातात घेऊन उभी, लायसन्स पर्समध्ये, आणि आम्ही दोन तास एका चहाच्या दुकानात बसलो. ह्यांनी गरम पाण्याची बाटली मागून घेतली आणि मी स्कोन खाल्ले, तीन. बोललो नाही. त्या दिवसांत सव्वापाचला सूर्य बुडतो. ट्वेल्व्ह अपॉसल्स आम्ही अंधारात पाहिले, म्हणजे ऐकले. खाली लाटा आपटत होत्या आणि वर वारा असा, की बोलायची इच्छा असती तरी ऐकू आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो आणि मग दिसले. तेव्हा ह्यांनी स्वतःहून सांगितलं, पैसे वाचवायला नको होते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मिळालेलं हे वाक्य मी जपून ठेवलंय.

म्हणून: करारावर दोघांची नावं. बाकी काही विसरलात तरी चालेल. गाडी ऑटोमॅटिक घ्या. विम्यात अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती जाईल तो आकडा नीट विचारा, तो मोठा असतो. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं आणि त्यावर काही रक्कम अडकवून ठेवतात. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर बहुतेक ठिकाणी विमा लागू होत नाही. आपलं लायसन्स इंग्रजीत असतं, त्यामुळे व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, पाहुण्याला कायद्याने ते चालतं. तरी काउंटरवरच्या माणसाशी वाद नको म्हणून आंतरराष्ट्रीय परमिट काढून ठेवा. संगम पुलाजवळच्या आपल्या आर.टी.ओ.चं काम, अर्ज ऑनलाइन भरता येतो, पासपोर्ट जोडायचा, मुदत एक वर्षाची. तुमचं परमिट तुम्ही काढा. ह्यांना विचारून नव्हे, सांगून.

चालवण्याचं तंत्र तुम्हाला काय शिकवायचं? सिंहगड रस्त्यावरून मगरपट्ट्याला रोज जाणाऱ्या बाईला तो रस्ता रिकामाच वाटेल. पण दोन-तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली मजेची. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिकडे युरोपीय बनावटीची गाडी मिळाली तर ती डावीकडे असू शकते. मग पहिला दिवसभर प्रत्येक वळणाला तुमचे वायपर चालू होतील. कोरड्या काचेवर खर्र-खर्र. मेलबर्नच्या पार्किंगमध्येच दहा मिनिटं दांड्या पालथ्या घालून घ्या. दुसरी, चौकातल्या गोल बेटावर आधी आत असलेल्या गाडीला वाट द्यायची. चांदणी चौकातला नियम, म्हणजे ज्याची हिंमत त्याची वाट, तिकडे चालत नाही. तिसरी, मेलबर्नच्या मधल्या भागात ट्रामचे रूळ आहेत आणि काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या बाजूला जाऊन थांबावं लागतं. पाहुण्याने त्या फंदात पडू नये. गाडी विमानतळावरून किंवा उपनगरातून घ्या, शहर बाहेरूनच टाळा. मोबाईल हातात धरला किंवा पट्टा नीट लावला नाही, तर कॅमेरा टिपतो आणि दंड घरापर्यंत येतो. हॉर्नची सवय इथेच, कात्रजच्या अलीकडे सोडून जा. आणि मागे गाड्या साठल्या, तर डावीकडे थांबायच्या जागा केलेल्या आहेत तिथे बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. आपल्याकडे बाजूला होणं म्हणजे हार, तिकडे तो नुसता शिष्टाचार आहे. ह्यांना हे जड जाईल.

अंधार पडता-पडता आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. ते गाडीच्या दिव्याकडे धावतात म्हणा किंवा गोंधळतात म्हणा, धडक जोरात बसते. तेव्हा पहाटे पाचला निघण्याची कल्पना या एका कारणासाठी सुद्धा रद्द.

वाटणी अशी करा. पहिला दिवस: शहराबाहेर पडून टॉर्कीपर्यंतचा मोठा रस्ता तुम्ही, गर्दी हा तुमचा प्रांत. टॉर्कीला कॉफी घ्या आणि किल्ली द्या. लॉर्न ते अपोलो बे हे सगळ्यात वळणाचं अंतर ह्यांनी चालवावं, म्हणजे त्यांचं पोट सुखात आणि तुम्ही डाव्या काचेपाशी. हा पट्टा मी तुम्हाला दिलाय असं समजा. वाटेत केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला शोधा, ते बहुधा झोपलेले असतात आणि राखी पोत्यासारखे दिसतात. मुक्काम अपोलो बेला.

दुसऱ्या दिवशी जंगल. इथे दोघांनाही कठीण आहे, समुद्र नाही आणि वळणं आहेत. ज्याची झोप चांगली झाली त्याने चालवावं. वेळ असेल तर केप ऑटवेचं दीपगृह बघा, १८४८ चं आहे. प्रिन्सटाउनच्या पुढे कड्यावर आलात की किल्ली तुमच्याकडे. तिथून रस्ता बराच सरळ आहे, आणि आता डावीकडे बसून समुद्र बघायची पाळी ह्यांची. मुक्काम पोर्ट कॅम्पबेलला, छोटंसं गाव, अपॉसल्सपासून दहा-बारा किलोमीटर. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला बुडतो. दुपारी बसांची गर्दी असते. तुम्ही आधी खोलीवर जाऊन आडवे व्हा आणि संध्याकाळी सातनंतर जा. बसा गेलेल्या असतात, उजेड तिरपा पडतो आणि दगड मधाच्या रंगाचे होतात. परतताना तेवढे दहा-बारा किलोमीटर हळू.

ट्वेल्व्ह म्हणजे बारा, पण ते बारा कधीच नव्हते. चुनखडीचे सुळके, समुद्राने कडा खाऊन खाऊन मागे ठेवलेले. जुलै २००५ मध्ये त्यातला एक उभाच्या उभा कोसळला, आता सात-आठ राहिलेत. ह्यांना मोजू द्या. पूर्वी या जागेला "डुकरीण आणि तिची पिल्लं" अशा अर्थाचं नाव होतं, मग कुणीतरी पर्यटकांचा विचार केला. जवळच लंडन ब्रिज नावाची दगडी दोन कमानींची वाट होती. जानेवारी १९९० मध्ये तिची जमिनीकडची कमान पडली आणि टोकावर गेलेली दोन माणसं तिकडेच अडकली, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. कुणाला इजा झाली नाही. आता तिला लंडन आर्च म्हणतात.

लॉक आर्ड घळ मात्र चुकवू नका, तिथे खाली वाळूत उतरता येतं. जून १८७८ मध्ये लॉक आर्ड नावाचं जहाज इंग्लंडहून मेलबर्नला पोचायच्या अगदी शेवटच्या टप्प्यात इथे फुटलं. ५४ माणसांतली दोन वाचली: टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कार्मायकल ही आयरिश मुलगी. दोघंही अठरा-एकोणीस वर्षांची. तिचा आक्रोश ऐकून तो पुन्हा पाण्यात गेला, तिला ओढून या घळीत आणलं, गुहेत ठेवलं, वाहून आलेल्या पेटीतली ब्रँडी पाजली आणि कडा चढून मदत आणली. तिचे आईवडील आणि भावंडं त्या जहाजावर होती, सगळी गेली. वर्तमानपत्रांना आणि अख्ख्या वसाहतीला वाटलं, आता या दोघांचं लग्न व्हायलाच हवं. झालं नाही. ती आयर्लंडला परत गेली, तो पुन्हा समुद्रावर. लोकांना फार वाईट वाटलं म्हणे. मला नाही वाटलं. एकदा बुडता-बुडता हात धरला म्हणून पुढची चाळीस वर्षं एका गाडीत बसवावं, असं थोडंच आहे.

तिसऱ्या दिवशी कोलॅकवरून आतल्या रस्त्याने परत, तो तुम्ही चालवा. साधी शेतं, गाई आणि तीनेक तास. ह्यांनी झोपावं. शेजारी घोरणाऱ्या माणसामुळे तुमच्या पायाला अजिबात काम उरणार नाही.

हे सगळं तिकडे जाऊन पहिल्यांदा करायचं नाही. पाऊस ओसरला की एका रविवारी सकाळी ताम्हिणी. मुळशीपर्यंत ते, घाटात तुम्ही, आणि ते डावीकडे, पोटात आलेपाक आणि नजर लांब. नियम एकच: शेजारच्याने चालवण्याबद्दल एकच शब्द बोलायचा, "थांब", आणि तोही खरोखर काही आडवं आलं तर. "अगं", "अहो", "हं", दीर्घ श्वास, दाराचं हँडल धरणं हे सगळं बोलण्यातच मोडतं. आमच्याकडे "अगं" या एका शब्दावर फार भांडणं झाली आहेत. घाट उतरून वडापाव खाताना बोला, गाडीत नाही. उलटी झालीच, तर गाडी थांबवा, पाणी द्या, आणि "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य गिळा. त्यांनाही तुमच्या पायाबद्दल तेवढंच गिळायला सांगा.

नाताळ जवळ असेल तर खोल्या आत्ताच धरा, त्या दिवसांत तिकडे शाळांच्या सुट्ट्या सुरू होतात. २५ तारखेला दुकानं, खानावळी बहुतेक बंद असतात, तेव्हा लग्नाचा वाढदिवस त्या दिवशी येत असेल तर आदल्या दिवशीच ब्रेड-चीज घेऊन ठेवा. भर उन्हाळा असला तरी वाऱ्याचं जॅकेट न्या, तो वारा थेट दक्षिण ध्रुवाकडून येतो. आणि मुलीसाठी जो खाऊ बांधाल, तो विमानात मिळणाऱ्या कार्डावर "हो" म्हणून सगळाच्या सगळा लिहा, आलेपाकसुद्धा. दाखवलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला मोठा दंड आहे. बाकरवडीचं बंद पाकीट बहुधा जातं. पेढे नेऊ नका, दुधाचं काही चालत नाही. ते तिला पुण्यात आल्यावर द्या.